एकसष्ट नियम आणि बोंडे सर

मला आयुष्यात पुष्कळांनी हरवलं आहे. बुद्धिबळात, वादात, लग्नाच्या बोलणीत. पण चार कप आणि दोन बशा एवढ्याच भांडवलावर मला चारचौघांत चारी मुंड्या चीत करणारा माणूस एकच भेटला. बोंडे सर.

तेव्हा, म्हणजे दोन हजार आठच्या सुमारास, मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळत असे. कंपनीनं दिलेला हुद्दा याहून बराच लांब होता, कार्डावर दोन ओळींत मावायचा, आणि मी तो सासुरवाडीत पूर्ण म्हणून दाखवायचो. माझ्या ताब्यात एका दूध संघाची दोन मशीन होती. कुठल्या केंद्रावर किती दूध आलं आणि कुठला टँकर कुठं पाठवायचा, हे सगळं त्यांच्यावर चाले. मशीन बंद पडलं तर टँकर जागेवर, आणि टँकर जागेवर म्हणजे दूध नासलं. म्हणून मशीन दोन. एकानं राबायचं, दुसऱ्यानं वाट बघायची. पहिलं पडलं की दुसऱ्यानं क्षणात उठून तेच काम पुढं चालवायचं. आमच्याकडे मशीनना तालुक्यातल्या गावांची नावं द्यायची पद्धत होती. या जोडीतलं एक माले, दुसरं मुठा.

आता हे 'क्षणात उठणं' आपोआप होत नाही. काय आधी सुरू करायचं, काय नंतर, आणि कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं, हे नियम लिहून मशीनला सांगावं लागतं. सांगायच्या गोष्टी इन मीन चार. कुठल्याही एका मशीनला जोडता येणारी माहितीची डिस्क, डिस्कवरचा डेटाबेस, डेटाबेसवर चालणारा संघाचा प्रोग्राम, आणि केंद्रं ज्या पत्त्यावर येऊन जोडली जात तो पत्ता.

या चार गोष्टींसाठी मी एकसष्ट नियम लिहिले होते.

एवढे कसे झाले, असं विचाराल तर त्यामागे माझा अनुभव होता. काही बिघडलं की मी एक नियम वाढवायचो. प्रोग्राम एकदा हळू चालला, म्हणून 'प्रोग्रामनं डेटाबेसच्या मशीनवर बसू नये'. पत्ता एकदा हरवला, म्हणून 'पत्त्यानं डिस्कचा पदर सोडू नये'. चूक मी करायचो आणि शिक्षा मशीनला. हे एकसष्ट नियम मी छापून, पानाला पान चिकटवून, माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत लावले होते. नवीन माणूस आला की मी खुर्ची फिरवून त्याला ते दर्शन घडवायचो.

बोंडे सरांना ते घडवलं, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. अकोल्याकडचे. वीसेक वर्षं एका सूतगिरणीत, कुठलं यंत्र कधी सुरू करायचं ते ठरवणाऱ्या कंट्रोल रूममध्ये काढलेली. गिरणी बंद पडल्यावर या गृहस्थांनी चाळिशी उलटल्यावर संगणकाचे वर्ग केले आणि वर्षावर्षाच्या करारावर इकडे आले. सर्व्हरच्या खोलीत थंडी फार, म्हणून ते आत जाताना माकडटोपी घालत आणि अंगावर शाल घेत. शाल गिरणीत झालेल्या सत्काराची होती, जरीचे काठ असलेली. ती पांघरून ते मशीनपुढं उभे राहिले, की आता मशीनचाच सत्कार होणार असं वाटायचं.

त्यांनी माझी भिंत वरून खालपर्यंत वाचली. मी स्तुती घ्यायला तयार होऊन बसलो होतो. त्यांनी सतराव्या नियमावर बोट ठेवलं.

"भाऊ, हे काऊन लिवलं?"

काऊन म्हणजे का. मी आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. "काहीतरी कारण होतं सर," मी म्हणालो.

"असन. मंग हे?"

अठराव्याचंही काहीतरी कारण होतं. एकोणिसाव्याचं कारण सतरावा होता.

त्यांनी भिंतीवरचं बोट काढलं. कॅन्टीनमध्ये चला म्हणाले. तिथं त्यांनी चार रिकामे कप आणि दोन बशा मागून घेतल्या. "ही बशी माले, ही मुठा. हे कप तुमचेच. डिस्क, डेटाबेस, प्रोग्राम, पत्ता. ठेवा तुमच्या नियमानं."

मला वाटलं, हा काय पोरखेळ. मी डिस्क ठेवली. डेटाबेस तिच्या सोबतच हवा, तो तिथंच ठेवला. प्रोग्राम डेटाबेसजवळ नको, म्हणून तो दुसऱ्या बशीत. पत्ता प्रोग्रामसोबत हवा, म्हणून तोही दुसऱ्या बशीत. पण पत्त्यानं डिस्कचा पदर सोडायचा नव्हता, म्हणून उचलून पहिल्या बशीत. तर तो प्रोग्रामपासून तुटला. मग प्रोग्राम उचलला. मग डेटाबेस. बघता बघता शेजारच्या टेबलावरची मंडळी खुर्च्या ओढून जवळ आली. कुणीतरी "डावीकडं, डावीकडं!" असं ओरडू लागलं. अर्ध्या तासानं तीन कप बशांत होते आणि चौथा माझ्या हातात.

"हा कुठं ठेवू?" मी विचारलं.

"मले काय विचारता? नियम तुमचे."

"पण सर, मशीन तर चालतंय! वर्षभर चालतंय!"

त्यांनी समजावलं. माझ्या नियमांतले निम्मे 'असंच झालं पाहिजे' अशा सक्तीचे नव्हते, 'जमलं तर बघ' असे सौम्य होते. दोन नियमांचं भांडण झालं की मशीन सौम्य नियमाकडे काणाडोळा करी आणि कामाला लागे. थोडक्यात, मशीन माझ्याकडे लक्ष देत नव्हतं, म्हणून दूध संघ टिकला होता. हे वाक्य मी पुढं बरेच दिवस पचवत होतो.

सर राहायला माझ्याच इमारतीत, मारुंजीला. मालक तात्या. सात पिढ्यांचे शेतकरी, पण शेताच्या एका तुकड्यावर तीन मजले चढवल्यापासून भाडेकरू हेच त्यांचं पीक. तात्यांनी जिन्यात एक फळा लावला होता. दर भाडेकरूच्या दर अपराधानंतर त्यावर एक ओळ वाढायची. बोअरच्या पंपाबद्दलच्याच बारा ओळी होत्या. पहिल्या मजल्यानं पंप सकाळी लावावा. दुसऱ्यानं पहिल्याला विचारून लावावा. तिसऱ्यानं व्हॉल्व्हला हात लावू नये. पहिला मजला गावाला गेला असेल तर तात्यांना विचारावं. मे महिन्यात पहिला मजला गावाला गेला, तात्याही लग्नाला गेले, आणि आम्ही सुशिक्षित मंडळी दोन दिवस नियम पाळत बिनअंघोळीची ऑफिसला गेलो. बोअरला पाणी होतं, पंप धडधाकट होता.

तात्या परत आले तेव्हा सर ओला फडका घेऊन फळ्यासमोर उभे.

"आवं बोंडेसायेब, काय करताय? पुसू नगा! लई इचार करून लिवलंय त्ये!"

"तात्या, ह्या पंपाचा खरा धोका कोणता?"

"व्हॉल्व बंद ठिऊन पंप लावला तर पाइप फुटतो. दोनदा फुटलाय."

"आनखी?"

तात्यांनी टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "आनखी न्हाई."

सरांनी पुसलं आणि खडूनं लिहिलं: 'आधी व्हॉल्व्ह, मग पंप. बंद करताना उलटं.' कोण लावेल, कधी लावेल, कुणाला विचारून लावेल, सगळं गायब. तात्या आठवडाभर त्या मोकळ्या फळ्यापाशी सुतक असल्यासारखे वावरले. पण पाइप काही फुटला नाही, आणि आमच्या अंघोळी झाल्या.

त्या आठवड्यात मी माझी भिंत सरांच्या हवाली केली.

त्यांनी नियम एकेक करून काढले. घाईनं नाही. प्रत्येकाचं मूळ शोधायचं, कशाच्या भीतीनं लिहिला ते विचारायचं, भीती खरी असेल तर ठेवायचा. बहुतेक भीती माझ्या होत्या, मशीनच्या नव्हत्या. शेवटी उरली एक ओळ: डिस्क, डेटाबेस, प्रोग्राम, पत्ता. अशा एका ओळीत बांधलं, की चौघं एकाच मशीनवर राहतात, याच क्रमानं उठतात आणि बंद होताना उलट क्रमानं झोपतात. 'आधी कोण' आणि 'सोबत कोण' हे मी वेगवेगळ्या साठ ठिकाणी लिहिलं होतं, ते एका दोरीत आलं. सोबत एक टीप, की शक्य असेल तेव्हा मालेवर राहा. संपलं. माझ्यामागची भिंत मोकळी झाली आणि तिला पोपडे आलेत, हे मला तेव्हा कळलं.

माणूस घरीदारी असाच. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी मला दाखवली होती. वधू, वर, तारीख, जागा, आणि खाली 'या'. आपल्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या आधी यावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत. मी म्हणालो, "सर, नातेवाईक रुसले नाहीत?"

"रुसले ना! सगळेच रुसले. एकाच वेळी. मंग रुसून कोणाले दाखवतील? आले सगळे, जेवले."

कंपनीत मात्र हे गणित बसेना. आमचे मॅनेजर राजवाडे साहेब चांगले होते, पण त्यांच्या वार्षिक फॉर्ममध्ये एकच प्रश्न होता: या वर्षी आपण काय उभं केलं? सरांनी लिहिलं, 'साठ नियम कमी केले.' साहेबांनी त्यांना बोलावलं. मीही होतो.

"बोंडे, इथं अचीव्हमेंट लिहायची असते. डिलीट करणं ही अचीव्हमेंट नाही."

"ठीक आहे साहेब. मंग ते रकान्यातलं बी डिलीट करतो."

साहेब हसले नाहीत. सरांचा करार मार्चमध्ये संपत होता, आणि त्याआधी दूध संघाची माणसं सराव बघायला येणार होती, म्हणजे एक मशीन मुद्दाम पाडून दुसरं उठतं का ते. "सराव नीट झाला तर बघू," साहेब म्हणाले.

सरावाचा दिवस. सकाळचं संकलन आटोपल्यावर संघाचे व्यवस्थापक आले, पांढरी टोपी, हातात पेढ्यांचा खोका. सर शाल पांघरून तयार. मी सूत्रसंचालकाच्या थाटात म्हणालो, "आता आपण माले बंद करणार आहोत, आणि मुठा काम उचलेल. बघत राहा!" आणि मोठ्या आविर्भावात मालेची वायर उपटली.

माले पडलं.

मुठानं काही उचललं नाही. पंखे फिरत होते, दिवे लुकलुकत होते, मशीन ठणठणीत. पण डिस्क नाही, डेटाबेस नाही, काही नाही. एक मिनिट. दोन. व्यवस्थापकांनी पेढ्याच्या खोक्याचं झाकण उघडलं होतं ते हळूच लावलं, पण एक पेढा आधीच माझ्या तोंडात गेला होता.

"मी सांगितलं होतं," राजवाडे साहेब म्हणाले. "इतके नियम काढायचे नसतात."

सरांनी शाल सावरली. स्क्रीनवर नियमांचं पान उघडलं. दोन ओळींचं पान. त्यावर तीन ओळी होत्या. तिसरी ओळ लग्नातल्या परक्या माणसासारखी उठून दिसत होती: 'मुठावर कधीही नाही.'

ती ओळ माझी होती.

पंधरा दिवसांपूर्वी मुठाची स्वतःची, आतली डिस्क बदलायची होती. काम तेव्हा मुठावर चालू होतं, म्हणून मी ते हातानं मालेवर हलवलं. आता, हातानं हलवण्याची जी आज्ञा असते, ती एक खोड करते. काम पुन्हा परतू नये म्हणून 'या मशीनवर नको' असा एक नियम स्वतःहून लिहून ठेवते, आणि तुम्ही काढीपर्यंत तो तसाच राहतो. हे ती लपवत नाही. चार ओळींचा इशारा देते. पण इशारा आला तेव्हा चहाही आला होता, आणि मी प्राधान्य ठरवलं.

सरांनी ती ओळ पाहिली. त्या मशीनची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दोघांकडेच होता, ते आणि मी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग व्यवस्थापकांकडे वळले.

"एक ओळ राहून गेली होती साहेब. काढतो."

ओळ काढली. पाऊण मिनिटात मुठावर चारही गोष्टी क्रमानं उठल्या. एकसष्ट नियमांच्या भिंतीत ती ओळ शोधायला आम्हाला संध्याकाळ झाली असती, आणि तोवर दुपारचे टँकर थांबले असते. पण हे तिथं कुणीच म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं ते मी. माझ्या तोंडात पेढा होता. पेढा गिळायला चार सेकंद लागतात. मला तीन आठवडे लागले.

सरांचा करार वाढवला नाही. ते शांत होते. गावाजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये प्रयोगशाळा सांभाळायची जागा होती, तिथं बोलणं झालं होतं, फक्त इथल्या कामाचं पत्र हवं होतं. पत्र राजवाडे साहेबांनी तयार केलं आणि सोबत काम करणारा म्हणून सहीला माझ्याकडे पाठवलं. तीन ओळी. पहिलीत, यांनी इथं अमुक काळ काम केलं. दुसरीत, 'ग्राहकासमोरील सरावात यांच्या हातून गंभीर त्रुटी राहिली.' तिसरीत शुभेच्छा. खाली माझ्या सहीची जागा.

अशा पत्रावर कोण नोकरी देणार? पन्नाशी उलटलेल्या माणसाला तर कुणीच नाही.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि नवीन खुर्ची मागून परत आलो. पुन्हा गेलो, आणि साहेबांच्या मुलाच्या दहावीच्या टक्क्यांचं कौतुक करून आलो. तिसऱ्यांदा दारातूनच, बसण्याआधी, ओरडल्यासारखं म्हणालो, "सर, ती ओळ माझी होती!"

बाहेरची सहा डोकी वळली. साहेबांनी चष्मा काढला.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"पेढा होता, सर."

असं उत्तर देणारा माणूस खरंच बोलत असणार, हे त्यांना पटलं असावं. पत्र त्यांनी परत घेतलं. करार काही परत आला नाही, ते कागद वर गेले होते. माझी बढती त्या वर्षी हुकली, आणि नव्या मुलांना 'इशारे कसे वाचावेत' हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याइतका अधिकारी माणूस कंपनीत दुसरा नव्हता.

त्या संध्याकाळी मी सरांना गच्चीवर गाठलं. "तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तुमचं थोबाड पाह्यलं भाऊ. पेढा गळ्यात, डोळे बाहेर. मी आनखी बोललो असतो तं तुमी तिथीच गेले असते. मंग दोन दोन मशीन कोन पाहीन?"

ते निघाले त्या दिवशी मी त्यांना सोडायला मारुंजीच्या नाक्यावर गेलो. तात्यांनी घरच्या आंबेमोहराची पिशवी दिली होती. शिवाजीनगरला जाणारी टमटम उभी होती, आत आधीच पाच जण. सर आत शिरले, त्यांच्या मागं ट्रंक ढकलत मीही शिरलो आणि टेकलो. सरांनी खिशातून पत्र काढलं आणि पहिल्यांदाच वाचलं. आता दोन ओळी होत्या.

"कमी वाटतंय का, सर?"

"नाई. शुभेच्छा बी काढल्या असत्या तरी चाललं असतं." पण पत्र त्यांनी नीट घडी घालून आतल्या खिशात ठेवलं, आणि मग तो खिसा दोनदा चाचपला.

ड्रायव्हरनं किक मारली. सरांनी आजूबाजूला पाहिलं. "कोन कुठं उतरते?"

का विचारताहेत ते कळलंच नाही कुणाला, पण सांगितलं. "वाकड," एक जण म्हणाला. "औंध," एक मावशी म्हणाल्या. वाकडवाला सगळ्यांत आत होता, खिडकीला टेकून, आणि शिवाजीनगरचे दोघं दाराशी.

"थांबवा हो गाडी," सर म्हणाले. "वाकडले सगळ्याइले उतरा लागन. चला, उतरा खाली. शिवाजीनगर पहिले आत. मंग औंध. वाकड शेवटी, दाराशी."

"आजोबा, वाट लागली का डोक्याची!" ड्रायव्हर ओरडला. मागून दोन मोटारसायकली हॉर्न वाजवू लागल्या. मावशी "काय बाई हा माणूस!" म्हणत उतरल्या. पण उतरले सगळे, आणि सर सांगतील तसे एकेक चढू लागले. सर स्वतः ट्रंक मांडीवर घेऊन सगळ्यांत आत. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो तो सवयीनं त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. माझं काही बोलायचं राहिलं होतं. माफी म्हणा, आभार म्हणा, दोन्हीची वाक्यं मी रात्रभर पाठ केली होती.

"सर…" मी सुरुवात केली.

"तुमी कुठं उतरता?"

"मी? मी कुठंच नाही. तुम्हाला सोडायला आलोय."

"मंग तुमी काऊन आत बसले? पहिले तुमीच उतरा!"

मी उतरलो. दाराशी बसलेल्या वाकडवाल्याला ओलांडून, मावशींच्या पायावर पाय देऊन, सॉरी सॉरी म्हणत. टमटम निघाली.